रेडिओ अडाणवरचा यमन

बोरी अरब
२१ नोव्हेंबर

आई,

इथूनच पाय धरते. ओढून आणण्यासाठी नाही, नुसतेच.

फोनवर तुम्ही सापडत नाही म्हणून हे पत्र. मी फोन केला की मामी उचलतात आणि सांगतात, "ताई आंघोळीले गेल्या." सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. मामींना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे दुसरं कारण सुचत नसेल. त्यांना आणखी त्रास नको.

भाऊबीजेला म्हणून माहेरी केळापूरला गेलात, त्याला महिना होत आला. गावात मी सांगते की मामींचे गुडघे धरले आहेत. पटत कोणालाच नाही. परवा चक्कीवर गेले तर दोघी बोलत होत्या, निकितानं रेडिओच्या नादी लावून सासू घराबाहेर काढली म्हणून. मला पाहून गप्प झाल्या. वाईट वाटलं आई, पण खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं. तुम्हाला कोणी कशाच्या नादी लावू शकतं, असं त्यांना वाटतं!

घरी सगळं ठीक आहे. म्हणजे वरण दोनदा करपलं. कापसाचा पहिला वेचा घरात आला. बाबा ताटात पडेल ते खातात. आधी मिठावरून घर डोक्यावर घ्यायचे, आता अळणी भाजीसुद्धा निमूट खाऊन उठतात. मला तेच बरं वाटत नाही.

त्या दिवसाचं लिहिणार नव्हते, पण मनातून जात नाही. पाडव्याला रेडिओवरचे आमचे धम्मरत्न सर फराळाला आले होते. जानेवारीत आपल्या रेडिओ अडाणवर एक थेट संध्याकाळ करायची, आधी भाषण, मग कविता आणि शेवटी शास्त्रीय गाणं, आणि ते गाणं लीलाबाईंनी गावं, असं सर म्हणाले. केंद्रप्रमुख माणूस स्वतः घरी येऊन विचारतो आहे, याचा मलाच केवढा अभिमान वाटला. तुमचा चेहरा तर असा झाला, तसा मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. आणि बाबा हसले. "रेडिओवर? इचा आवाज आता वावरातले डुकरं हाकलायले बी पुरत नाही." बैठकीतले सगळे हसले. तुम्ही सरांना आणखी एक करंजी वाढली, आत गेलात, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

लवकर या, असं मी म्हणत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, गाल का? सरांनी अजून दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही.

तुमची
निकिता

केळापूर
२ डिसेंबर

निकिता,

तुहं पत्र भेटलं. मामीले वाचून दाखवलं तर लाजली. आता फोन आला तर "ताई देवळात गेल्या" सांगन म्हणते.

मी रुसून आली नाही बेटा. ह्यांचं हासणं मले काही नवीन नाही. पण त्या दिवशी सारे हासले आन् त्यांच्यासंगं मीबी हासली. तुले दिसलं नसन. भांडे घासताना माह्या ध्यानात आलं, की अरे, आपणबी हासलो. मग मात्र मले त्या घरात राह्यवलं नाही.

माहा तानपुरा इथीच हाय, भावाच्या माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेला. लग्नाच्या वक्ती हे माह्या बाबाले म्हणाले होते, गाणं बंद होणार नाही, तानपुरा मागून नेऊ. मागून म्हणजे कवा, थे कोणी विचारलं नाही. मीबी नाही. तारा गंजल्या होत्या, भावानं नागपूरहून नव्या मागवल्या.

पहिल्या दिवशी सा लावला तर घोगरा. पोरवयात पेटीच्या काळी पाच पट्टीत गात होती, आता काळी दोनवर उतरली, आन् तिथीबी वरचा सा लागत नाही. लागते लागते आन् फाटते. मग मी ठरवलं, सकाळी उठून नुसता खालचा सा लावाचा. दुसरं काही नाही. मामी म्हणे, "ताई, एकच एक काय गाता?" म्हटलं, गात नाही व, झाडून राह्यली. इतक्या वर्साचा कचरा हाय.

तुमच्या नदीचं नाव अडाण. आमच्यात एक राग हाय, अडाणा. थो गायले लय दम लागते. मले यमनच पुरे, थोबी जमला तर. म्हून रेडिओचं आत्ताच विचारू नको. मले स्वतःलेच अजून ऐकू येऊन राह्यलं नाही नीट.

ह्यांनी बीपीची गोळी घेतली का रोज? मी विचारलं म्हणून सांगू नको.

आई

बोरी अरब
१९ डिसेंबर

आई,

गोळी घेतात. मी नुसतं म्हटलं, "बाबा, गोळी?" तर म्हणाले, "तिनं विचारलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंग इतक्या मोठ्या पत्रात थे लिवते काय?" तुमचं पत्र आल्याचं पोस्टमननं त्यांना पारावरच सांगितलं होतं. मी म्हटलं, मामींचे गुडघे.

पण आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. परवा मी दारव्ह्याला स्टुडिओत होते, तर दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट, टोपी. "अडाण रेडिओ आन् अडाणी ऐकणारे" म्हणून ज्यांनी माझी नोकरी आजवर टिंगलीवारी नेली, ते चपला बाहेर काढून आत आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ सरांसमोर बसले.

"तुमच्या त्या कार्यक्रमात भाषण हाय म्हणे. मी देतो."

सर म्हणाले, "कशावर देता काका?"

"कापसावर. अजून कशावर देऊ?"

सर हसले नाहीत, म्हणून मला ते आवडतात. म्हणाले, "कापसावर आपण रोजच बोलतो. या भाषणाचा विषय आहे, आपल्या भागातलं ऐकणं. पूर्वी लोक काय ऐकत, कुठं बसून ऐकत."

बाबा बराच वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "गाता येत नसन तं चालते का? मले गाता नाही येत. पण ऐकलं हाय."

सरांनी तिथंच नाव लिहून घेतलं.

तेव्हापासून संध्याकाळी ते तुरीच्या वावरात जातात. शेजारच्या वावरातले सेवादासभाऊ मला म्हणाले, "वहिनी, काका तुरीले भाषण देऊन राह्यले." शेंगा चांगल्या भरल्या आहेत, त्यामुळे भाषणाचा अपाय झालेला दिसत नाही.

काल जेवताना विचारलं, "थे येणार हाय का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरं आहे. मला खरंच माहीत नाही, आई.

निकिता

बोरी अरब
५ जानेवारी

आई,

तारीख ठरली. १८ जानेवारी, रविवार. कविता सोनीबाई राठोड वाचणार. त्या दारव्ह्याजवळच्या तांड्यावरच्या, शाळेत शिकवतात आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत लिहितात. आपल्या रेडिओवर गोरबोलीतली कविता पहिल्यांदाच जाणार, म्हणून तांड्यावर आतापासून गडबड आहे.

गाण्याची जागा अजून रिकामी आहे. अमरावतीच्या एका गायिकेला सरांनी विचारून ठेवलंय, त्यांना मी हो म्हणू का, एवढं कळवा. तुमचं "नाही" आलं तरी मी रागावणार नाही. रडेन थोडी, पण रागावणार नाही.

आणखी एक. लिहू की नको कळत नाही. तुमचा पिंटू मला म्हणाला, "बाबा आजारी आहेत असं लिही, आई दुसऱ्या दिवशी येते की नाही पाहा." आमचं त्यावरून भांडण झालं. तो म्हणतो, घर मोडायला लागलं आणि तुला रेडिओचं पडलंय. मी म्हटलं, आईंना मी खोटं लिहून बोलावणार नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी फक्त दूध आणि सिलेंडरबद्दल बोलतो. तर आई, बाबा आजारी नाहीत. चांगले आहेत. कालच त्यांनी एकट्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

निकिता

केळापूर
१० जानेवारी

निकिता,

येते. अमरावतीच्या बाईले नाही सांग.

वरचा सा अजून कधी लागते, कधी नाही. त्याचा काही भरवसा नाही, आन् मले तुमाले फसवाचं नाही, म्हून आधीच सांगते.

मुक्काम घरी नाही. त्या सोनीबाईले विचार, एका रात्रीची सोय होते का.

पिंट्याले सांग, बायकोशी नीट बोल म्हणा. आन् ह्यांना काही सांगू नको. सांगितलं तरी चालन. तुले वाटन तसं कर.

आई

बोरी अरब
२० जानेवारी

आई,

तुम्ही तांड्यावरून सकाळच्या गाडीनं निघूनही गेलात, आणि त्या संध्याकाळचं अर्धं तुम्हाला माहीतच नाही. यवतमाळच्या अलीकडे तुमची गाडी पंक्चर झाली नसती तर ही पाळी आली नसती. या भागात बाबांचं भाषण न ऐकलेल्या बहुतेक तुम्ही एकट्याच उरलात. मी रेकॉर्डिंग पाठवणार होते, पण बाबा म्हणाले, "त्याच्यात माहा आवाज बकऱ्यावानी येते, थे नको पाठवू." म्हणून लिहून काढते.

स्टुडिओचा लाल दिवा लागला तेव्हा बाहेर अंगणात सतरंज्यांवर मंडळी दाटून बसली होती. दारव्ह्याची, तांड्यावरची, आपल्या गावचीही बरीच. चक्कीवरच्या दोघीसुद्धा. भोंगे बाहेर लावले होते. तुमचा फोन लागत नव्हता. सर म्हणाले, "येतील ना?" मी म्हटलं, "येतील." आणि पुन्हा तुमचा फोन लावला.

बाबा माइकसमोर बसले. हातातल्या कागदाची फडफड माइकमध्ये येत होती. मी काचेतून खूण केली, खाली ठेवा. त्यांनी ठेवला, आणि मग पुन्हा उचललाच नाही. सुरुवातीला जिनिंगवर रात्रपाळीला होणारं भजन, पोळ्याला बैलांपुढं म्हणतात त्या झडत्या, असं बोलले. मग म्हणाले:

"मी राखणीले जाताना ट्रान्झिस्टर नेत होतो. मचाणावर. संध्याकाळी त्याच्यावर शास्त्रीय गाणं लागे. समजत काही नव्हतं, पण बंद करावं वाटत नव्हतं. मंग मी केळापूरले पोरगी पाहाले गेलतो. तिच्या बापानं म्हटलं, गाऊन दाखव. थे गायली. मचाणावर जे येत होतं, थे माह्यासमोर बसून येऊन राह्यलं होतं. माहे पोहे हातात तसेच थंड झाले. मी तिच्या बापाले शब्द देला, गाणं बंद होणार नाही."

इथं ते थांबले. थेट कार्यक्रमात इतकं थांबलं की लोक रेडिओ बिघडला समजतात. सरांचा हात बटणाकडे गेला. मी त्यांचा हात धरला. साहेबांचा हात धरला, आई, विचार करा.

"बंद झालं," बाबा म्हणाले. "कोणी बंद केलं नाही. माह्या मायनं नाही, भावकीनं नाही. फक्त मी कवाच म्हटलं नाही, की आज गा. इतकीच गोष्ट हाय. या दिवाळीले मी तिले हासलो. लोकाइले वाटलं गंमत हाय. गंमत नव्हती. मले भेव वाटलं. थे गायली, आन् चांगली गायली, तं सारे मले विचारतील, पुंडलिकराव, इतके वर्स हे कुठी ठेवलं होतं?"

मग त्यांनी माइकलाच हात जोडले आणि उठले.

बाहेर आल्याबरोबर मला विचारलं, "आली का थे? ऐकलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. ते पायरीवर बसले. वाटलं, आता हा माणूस खचला. पण थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं. नाहीतर म्हटली असती, गाण्याच्या आधी मले रडवाले आला."

मग सोनीबाईंनी कविता वाचली. विहिरीत वाकून आईला हाक मारली, "याडी", तर विहीर कोणत्या बोलीत ओ देते, अशी. शेवटी त्या नुसतंच "याडी" म्हणून थांबल्या, आणि सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिथूनच ओ दिली. सगळे हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. ती त्यांची खरीच आई होती.

आणि तेवढ्यात तुमची रिक्षा आली. तुम्ही उतरलात त्या एसटीच्या कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत, तानपुऱ्याचं अर्धं तिकीट फाडलं म्हणून. बाबा पायरीवरून उठले. तुमच्या दोघांत जे बोलणं झालं ते सगळ्या अंगणानं ऐकलं. "पाणी घेतलं का?" "घेतलं." बस. तुम्ही आत गेलात, दार बंद झालं.

आता तुम्हाला न दिसलेलं सांगते. सरांनी मला भोंग्यांचा आवाज पाहायला बाहेर पाठवलं होतं. तुम्ही आलाप सुरू केला. बरेच जण चुळबुळत होते, त्यांना सवय नाही. आपल्या गावचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "गाणं कवा सुरू होते?" बाबा भोंग्याखाली उभे होते. मागं वळले आणि म्हणाले, "सुरूच हाय." पुन्हा कोणी बोललं नाही.

यमन मला कळतो असं नाही. पण तुम्ही एकेक स्वर असा ठेवत होता, जसा बोंड तुटू न देता कापूस वेचावा, आणि अंगण हळूहळू तुमच्याकडे सरकत होतं. मग तुम्ही वर चढलात आणि तो वरचा सा फाटला. सगळ्यांना ऐकू आलं. मागं कोणीतरी खुदकन हसलं. तुम्ही थांबलात. नुसता तानपुरा वाजत राहिला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती अशी पिळत होते, जशी ओली आहे. मग तुम्ही पुन्हा खालून आलात, घाई न करता, आणि तो लागला. लागला आणि राहिला.

बाबा एवढंच म्हणाले, "लागला." कोणाला उद्देशून नाही.

त्या दिवशी घरी येताना तुमच्या पिंटूनं मोटारसायकल हळू चालवली. फाट्यावर गाडी उभी केली आणि म्हणाला, "निकिता, मी आईचा आवाज कधी ऐकलाच नव्हता गं." मग तिथंच उभा राहून रडला. आता आमच्यात दूध आणि सिलेंडर सोडूनही बोलणं होतं.

चक्कीवरच्या दोघी काल घरी आल्या, पुढच्या वेळी कधी आहे विचारायला. सर म्हणतात, महिन्यातून एक संध्याकाळ लीलाबाईंची करू. तुमचं तुम्ही ठरवा.

बाबांनी आज सकाळी दाढी केली, पिशवी भरली. मी विचारलं, "आईंना आणायला चाललात?" म्हणाले, "आणाले नाही. ऐकाले चाललो." मग उंबऱ्यात थांबून, "मुक्कामाचे कपडे घेऊ का, का संध्याकाळच्या गाडीनं वापस येऊ?" मी म्हटलं, ते आईंना विचारा. त्यांनी थोडा विचार केला आणि एक जोडी जास्तीची टाकली. हे पत्र पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हाती देते.

निकिता

केळापूर
२८ जानेवारी

निकिता,

हे पोचले. दारात उभे राहून तुहं पत्र पुढं केलं, आन् स्वतः पायरीच्या खालीच थांबले. मी तिथीच उभ्यानं वाचलं, सारं. वाचून होईस्तोवर हे हालले नाही. मग मी म्हटलं, आत या.

भाषणाचं मी काही काढलं नाही, त्याइनंबी नाही. जेवताना मात्र म्हणाले, "पोहे खरंच थंड झालते." म्हटलं, "मले माहीत हाय. ताट आत आलं तवा थे मीच खाल्ले होते." भाऊ आन् मामी हासले, हेबी हासले. मीबी हासली. ह्या हासण्याचं मले काही वाटलं नाही.

धम्मरत्न सरले सांग, महिन्यातून एकदा येईन. तवा बोरी अरबले घरीच मुक्काम करीन, तुह्या हातचं करपलेलं वरण खाईन. पण होळीपर्यंत मी इथीच राहते. सकाळचा रियाज आता कुठी बसून राह्यला हाय, थो मोडाचा नाही. त्याच्या पुढचं मी ठरवीन. हे "बरं" म्हणाले. लग्नापासून पहिल्यांदा इतक्या लवकर "बरं" म्हणाले.

एका रातीसाठी आलते, अजून इथीच हायेत. सकाळी माह्या मागं बसून तानपुरा छेडतात. पहिल्या दिवशी लय जोरात ओढत होते, जशी विहिरीतून बादली काढून राह्यले. आता हात हलका होऊन राह्यला हाय. बोटं दुखते म्हणतात. म्हटलं दुखू द्या, पण तार सोडू नका.

आई